वाहन शिकायचे म्हणजे इंजिन शिकायचे नव्हे

शाळा संपत आली की गाड्यांचे वेड असलेल्या पोरांच्या घरी एक ठरलेला वाद होतो. पोर म्हणते, मला ऑटोमोटिव्ह इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी शिकायचे आहे. लगेच घरातले कोणी जाणते माणूस म्हणते, "अरे, आता इंजिनच राहणार नाही. सगळ्या गाड्या विजेवर जाणार. तू शिकून बाहेर पडशील तेव्हा तुझ्या विद्येला विचारणार कोण? त्यापेक्षा कॉम्प्युटर घे." समोरून दुसरे कोणी ठणकावते, "काही होत नाही. पेट्रोल-डिझेल आपल्या हयातीत हलत नाही." मग दोघे विक्रीचे आकडे आणि बातम्यांचे मथळे एकमेकांच्या अंगावर फेकत राहतात. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे ते पोर मध्ये गप्प बसलेले असते.

हा वाद मिटत नाही, कारण दोघेही एकाच जागी चुकतात. वाहन म्हणजे इंजिन, हे दोघांनी धरूनच चालवलेले असते. एकाला इंजिन मरणार म्हणून विषय मेलेला दिसतो, दुसऱ्याला इंजिन जगणार म्हणून विषय सुरक्षित वाटतो. माझे म्हणणे वेगळे आहे. हे शिक्षण आजही घेण्यासारखे आहे, आणि इंजिन राहिले काय, गेले काय, पुढेही राहील. अट एकच. ते भागांची नावे शिकवणारे नको, बिघाडाचे कारण शोधायला शिकवणारे हवे. पोराने विचारायचा प्रश्न "विजेची गाडी येणार का" हा नाही. "मला इथे कारण शोधायला शिकवणार का" हा आहे.

आधी विरोधी बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. विजेच्या गाडीत फिरणारे, घासणारे भाग कितीतरी कमी असतात. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, इंधनाचे इंजेक्टर नाहीत, सायलेन्सर नाही, बहुतेक गाड्यांत पाच-सहा गिअरांचा गिअरबॉक्सही नाही. हे भाग घडवणारे, जोडणारे, दुरुस्त करणारे हात कमी लागणार, यात शंका नाही. "एक नोकरी जाते, दुसरी येते" असे मोघम सांत्वन मी करणार नाही, कारण इतिहास इतका दयाळू नाही. बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झची घड्याळे आली तेव्हा स्विस घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास लोक काम करत होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जेमतेम एकतृतीयांश उरले. स्प्रिंग आणि दातेरी चाके यांवर हयात घालवलेल्या कारागिरांना कोणी वर्षभरात इलेक्ट्रॉनिक्सचे तज्ज्ञ केले नाही. तेव्हा भीती खोटी नाही. प्रश्न एवढाच की ती कोणी बाळगायची.

त्यासाठी वाहनाच्याच इतिहासातले एक स्थित्यंतर पाहू. ते आपल्या डोळ्यांदेखत झाले, तरी या वादात त्याची आठवण कोणी काढत नाही. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणारा कार्बोरेटर गेला. जाण्यापूर्वी जवळजवळ शतकभर पेट्रोलच्या गाडीचा जीव त्याच्यात होता. कान लावून, स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवून इंजिन शांत करणारा मिस्त्री म्हणजे गॅरेजचा राजा. मग १९७० मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून तिथल्या गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागू लागले. पुढे तीन विषारी वायूंवर एकदम काम करणारा कन्व्हर्टर आला. तो नीट चालतो ते हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ असेल तेव्हाच. थोडे पेट्रोल जास्त झाले तरी बिनसते, थोडी हवा जास्त झाली तरी बिनसते. इतका काटेकोर तोल स्क्रूने सांभाळता येईना. म्हणून १९७६ मध्ये धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसलेल्या गाड्या रस्त्यावर आल्या, त्याच्या मागोमाग संगणकाने नियंत्रित इंजेक्शन आले, आणि नव्वदच्या दशकात अनेक देशांतल्या नव्या मोटारींतून कार्बोरेटर नाहीसा झाला.

त्या बदलात कोण बुडाले आणि कोण तरले? ज्याला फक्त स्क्रू माहीत होता तो बुडाला. स्क्रू फिरवल्यावर हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे काय होते आणि त्याचा ज्वलनावर काय परिणाम होतो हे ज्याला ठाऊक होते, तो नव्या यंत्रणेसमोर दोन-चार महिने गोंधळला आणि मग उभा राहिला. इंजेक्टरही तेच करत होता, फक्त दुसऱ्या मार्गाने. दोघांच्या हातातली हत्यारे तीच होती. फरक होता तो हत्यार उचलण्याआधी विचारलेल्या प्रश्नात.

वाहनात यंत्राचा भाग आणि विजेचा भाग अशी भिंत कधी नव्हतीच, हेही इथे सांगायला हवे. ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडणारी मोटार विजेची होती. १८९९ मध्ये कामिय जेनात्झी याने ती चालवली. त्या काळात वाफ, वीज आणि पेट्रोल अशा तिन्ही गाड्या बाजारात एकमेकींशी झगडत होत्या. पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे आणि हँडल उलटले की मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि पेट्रोलच्या गाडीची ही मोठी अडचण संपली. म्हणजे विजेच्या गाडीला मागे सारण्यात एका विजेच्या मोटरचाच मोठा हात होता! स्टुडबेकर बंधूंचा कारखाना १८५२ पासून घोड्यांच्या गाड्या बनवायचा. त्याने १९०२ मध्ये विजेची मोटार काढली, १९०४ मध्ये पेट्रोलची. कोणत्या शक्तीवर गाडी पळते हा प्रश्न त्यांच्यासाठी बदलत गेला. चाक, अक्ष, सांगाडा, तोल, भार हे प्रश्न तेच राहिले.

तेच प्रश्न आजच्या विजेच्या गाडीत नव्याने, आणि खरे तर अवघड होऊन, समोर येतात. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. एक किलो बॅटरी-पॅकमध्ये ०.१५ ते ०.२ च्या आसपास. मोटर जवळजवळ नव्वद टक्के ऊर्जा कामी लावते आणि पेट्रोल इंजिन वीस ते चाळीस टक्केच, म्हणून गणित जमते; पण बॅटरीचे ओझे गाडीवर येतेच. वजन वाढले की टायर, बेअरिंग, सस्पेन्शन, धडकेत चुरगळणारा सांगाडा, सगळ्यांची आखणी पुन्हा करावी लागते. ब्रेकचे पाहा. वेग कमी करताना मोटरच जनरेटर होते आणि ऊर्जा बॅटरीत परत भरते, त्यामुळे ब्रेकच्या डिस्क फारशा वापरल्याच जात नाहीत. ऐकायला छान वाटते. पण न वापरलेली डिस्क गंजते, आणि नेमक्या आणीबाणीच्या क्षणी ती तयार असावी लागते. मोटरचा ब्रेक कुठे संपतो आणि डिस्कचा कुठे सुरू होतो, हे पायाला कळता कामा नये. ती सांधेजोड बसवणे हे ब्रेक आणि नियंत्रण दोन्ही जाणणाऱ्या माणसाचे काम आहे. इंजिनाचा आवाज गेल्यावर वाऱ्याची शीळ, टायरची घरघर आणि गिअरची बारीक किरकिर, सारे उघडे पडले. आवाज आणि कंपने मोजणाऱ्यांचे काम त्यामुळे संपले नाही, त्याचे रूप बदलले.

बॅटरीचे तर स्वतंत्रच शास्त्र आहे. ४०० किंवा ८०० व्होल्टचा डीसी दाब, नारिंगी केबल, एकापाठोपाठ एक जोडलेल्या कितीतरी सेल. एक सेल दुबळी निघाली की सारी रांग तिच्या तालावर चालते. सेल आतून तापली आणि ती उष्णता शेजारच्या सेलमध्ये पसरू लागली की आग आवरणे फार कठीण. अशा गाडीला हात लावण्याआधी वीज तोडायची, कोणी ती चुकून पुन्हा जोडू नये म्हणून कुलूप लावायचे, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचे, मग मीटरने शून्य तपासायचे. आणि तो मीटर बंद पडल्यामुळे तर शून्य दाखवत नाही ना, हे ओळखीच्या दाबावर आधी आणि नंतर पडताळायचे. या शेवटच्या वाक्यात मला अख्ख्या विषयाचा गाभा दिसतो. शून्य दिसले म्हणून हात घालू नये. शून्य का दिसते ते कळले पाहिजे.

"मग कॉम्प्युटरच शिकावे, गाडी म्हणजे आता चाकांवरचा संगणक," असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा या वादात सर्वांत वजनदार आहे. आजच्या गाडीत डझनावारी नियंत्रक असतात. त्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी कॅन ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्येच जगापुढे मांडली. प्रोग्रॅमिंग येत नाही अशा वाहन-तंत्रज्ञाला पुढे अडचण येणारच. शिवाय नुसता कॉम्प्युटर शिकलेल्याला बँकेपासून रुग्णालयापर्यंत कुठेही दार उघडे असते, वाहनवाल्याला इतकी दारे नसतात. हेही मान्य. पण गाडीतला प्रोग्रॅम ज्या जगावर हुकूम चालवतो ते जग तापते, गंजते, थरथरते, झिजते. पडद्यावर सारे बरोबर दिसत असताना रस्त्यावर काय चालले आहे, हे कोण सांगणार?

फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण आठवा. प्रयोगशाळेत त्या गाड्यांचा धूर नियमात बसत होता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने धूर मोजायची उपकरणे गाडीच्या मागच्या भागात बसवली आणि गाड्या सरळ रस्त्यावर नेल्या. तिथे नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण एका गाडीत मर्यादेच्या १५ ते ३५ पट भरले. आधी त्यांना वाटले, आपलेच मोजमाप चुकले असेल. पुन्हा तपासले, आकडे हलेनात. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण यंत्रणेने कंपनीला नोटीस दिली, आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणीपुरताच धूर कमी करणारे फसवे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीला कबूल करावे लागले. लबाडी प्रोग्रॅममध्ये लपली होती. पकडली गेली ती मात्र धुराड्यात नळी खुपसून, जनरेटर सांभाळत, मैलोन्‌मैल गाडी चालवणाऱ्या माणसांकडून.

दुसरे उदाहरण याहून साधे आणि याहून भयानक आहे. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचा स्विच इतका सैल होता की जड जुडगा लटकत असला किंवा खड्डा लागला, तर किल्ली आपोआप "चालू" वरून मागे सरकायची. धावती गाडी बंद पडायची, स्टिअरिंग जड व्हायचे, ब्रेकची मदत जायची, आणि धडक झालीच तर एअरबॅग उघडायची नाही. पुढे भाग बदलून सुधारला, पण त्याचा पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे अमुक वर्षापर्यंतच्या गाड्यांत हे का होते आणि नंतरच्यांत का होत नाही, याचा कागदोपत्री पत्ताच लागेना. उलगडा कसा झाला? अपघातग्रस्त कुटुंबाच्या बाजूने तपास करणाऱ्या एका अभियंत्याने त्याच नंबरचा नवा स्विच विकत आणला, जुना आणि नवा दोन्ही उघडले, शेजारी ठेवले आणि आतले भाग मोजले. स्प्रिंग वेगळी, दट्ट्याची लांबी वेगळी. २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे ग्राह्य धरले. १२४ माणसे, आणि मधे अडसर होता तो न बदललेल्या एका नंबराचा. पार्ट नंबर, बदलाची नोंद, तपासणीचा कागद या गोष्टी विद्यार्थ्यांना रटाळ वाटतात. शिकवताना मी दरवर्षी त्यांना हीच गोष्ट सांगत आलो.

आता दर्जाचा मुद्दा. "इंजिनीअरिंग" आणि "इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी" यांत टेक्नॉलॉजी म्हणजे दुय्यम, मार्क कमी पडलेल्यांची जागा, असे सर्रास मानले जाते. दोन शिक्षणे वेगळी आहेत हे खरे. आंतरराष्ट्रीय पातळीवर त्यांची मान्यताही वेगवेगळ्या करारांनी होते: अभियंत्यांसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार, तंत्रज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठी २००१ चा सिडनी करार, तंत्रज्ञांसाठी २००२ चा डब्लिन करार. टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमात उच्च गणित आणि सिद्धान्त कमी, प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष वापर जास्त. संशोधनाच्या किंवा मूळ आराखड्याच्या काही जागा त्यामुळे मिळायला जड जातात, आणि काही देशांत व्यावसायिक परवान्याची वाट लांबते. हे पोराला आधी सांगितलेच पाहिजे. लपवणे ही फसवणूक आहे. पण वेगळे म्हणजे खालचे, हे कोणी ठरवले?

ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ यांनी नवऱ्याला, म्हणजे मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांना, न विचारता त्यांची मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत, शंभराहून अधिक किलोमीटर नेली. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. विजेची तार उघडी पडली, तिला मोज्याच्या पट्ट्याचे वेष्टन दिले. इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतले. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी दम टाकत होती, म्हणून परतल्यावर आणखी एक गिअर हवा असे सुचवले. मोटारीचे पेटंट १८८६ चे आणि कार्ल बेंझ यांच्या नावावर आहे. पण आराखडा रस्त्यावर उतरवून, त्याचे दोष हातांनी शोधून, ते पुन्हा आराखड्यापर्यंत पोचवण्याचे काम कोणत्या अर्थाने दुय्यम? आज चाचणी विभाग जे करतो, ते बर्थाबाईंनी त्या प्रवासात केले.

याच कामाच्या आज कितीतरी वाटा झाल्या आहेत. वाढत्या थंडीत आणि विरळ हवेत इंजिन किंवा मोटरचे नियंत्रण बसवणारे कॅलिब्रेशनवाले. गाडी कायद्याच्या कसोट्यांना उतरते का हे पाहणारे. कारखान्यात एक बोल्ट नेमका किती आवळला गेला याची नोंद राखणारी आणि तो दरवेळी तितकाच आवळला जाईल अशी रचना करणारी माणसे. वॉरंटीत परत आलेल्या भागांतून बिघाडाचा धागा ओढून काढणारे. अपघातानंतर घसरणीच्या खुणा आणि गाडीतली नोंद जुळवून काय घडले ते मांडणारे. बस आणि ट्रकचे ताफे सांभाळणारे. थकलेल्या बॅटरीची उरलेली ताकद मोजून ती पुन्हा वापरायची की मोडीत काढायची हे ठरवणारे. वाहन उद्योग लाटांवर चालतो, हा आक्षेप खरा आहे. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन्ही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या होत्या. पण ही विद्या मोटारीपुरती नसते. तीच कॅन पद्धत शेतीच्या यंत्रांत, बोटींत, लिफ्टमध्ये वापरतात. द्रवाच्या दाबावर चालणारे तेच हायड्रॉलिक्स खाणीतल्या यंत्रांत असते. तीच कंपनांची भाषा पवनचक्कीच्या गिअरबॉक्सला लागू पडते.

मग या विषयाचे इतके पदवीधर कुढत का बसतात? सुरुवातीला त्यांना जोडणीच्या रांगेवर उभे करतात नाहीतर विक्रीच्या टेबलावर बसवतात, ही तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. यात नोकरी देणाऱ्यांचा दोष आहे. पण मोठा दोष शिकवणाऱ्यांचा, म्हणजे आम्हा लोकांचा आहे. एक प्रसंग सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत एका गाडीच्या स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला: मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. तीन हुशार मुलांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. कोड परत आला. दुसरा सेन्सर घातला. परत तेच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! त्यांच्यातल्याच एका मुलीने मग विचारले, "सेन्सर खरे बोलत असेल तर?" तिने हवा मोजणारा सेन्सर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी हाताने वाकवून पाहिली. आतल्या घडीत बारीक चीर होती. इंजिनावर भार आला, ते थोडे डोलले, की ती चीर उघडायची आणि न मोजलेली हवा आत शिरायची. त्या तिघांना आम्ही कोडची यादी शिकवली होती. तिने विचारलेला प्रश्न आमच्या कोणत्याच तासात नव्हता, याची मला आजही खंत आहे.

आणखी एक आक्षेप पर्यावरणाच्या बाजूने येतो: मोटारींनी जगाचे इतके नुकसान केल्यावर तरुणांना पुन्हा त्याच कामाला का लावायचे? याला माझे उत्तर छोटे आहे. कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो, म्हणून शिसे नसलेले पेट्रोल आणावे लागले. ते आणि तो ऑक्सिजन सेन्सर हे या क्षेत्रातल्या माणसांच्या कामामुळेच गाड्यांपर्यंत पोचले. कायदा हवाच, पण कायद्यातला आकडा धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत उतरवायला कोणीतरी लागते.

तेव्हा पोराला अडवू नका, त्याच्याबरोबर संस्था बघायला जा. कापून, रंग देऊन, काचेत ठेवलेल्या इंजिनापाशी फार वेळ घालवू नका. ते सगळीकडे असते. मुद्दाम बिघडवून ठेवलेली, चालू स्थितीतली गाडी आहे का ते पाहा. उच्च दाबाची बॅटरी हाताळायची सोय आहे का, इन्सुलेटेड हातमोजे वापरून जुने झाले आहेत की पिशवीतून बाहेरच आलेले नाहीत, हे विचारा. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून स्पर्धेत उतरवली का, आणि ती मोडली तेव्हा का मोडली याचा कागद कुठे आहे, तो मागा. तिथे मीटर घेऊन कोणी विद्यार्थी उभा असेल तर काय शोधतोस म्हणून त्याला विचारा, आणि तो आधी भागाचे नाव सांगतो की आपली शंका, ते कान देऊन ऐका.